लाल टोपीचा तांडेल

फार जुन्या काळची गोष्ट. समुद्राकाठी एक गाव होतं. गावच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा लांबच लांब पट्टा होता आणि तो मोठा लहरी होता. प्रत्येक वादळात जागा बदलायचा. काल जिथून होडी सुखरूप आत आली, तिथेच आज ती फुटायची.

खाडीकाठच्या टेकडीवर एक क्रूस होता. त्याच्यापाशी एक म्हातारा बाबा राहायचा. पाण्याखालची वाळू होडीतून दिसत नाही, उंचावरून दिसते. म्हणून गावची एक रीत होती. खाडीच्या तोंडाशी होडी आली की तांडेलाने, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाने, टोपी काढायची, “प्रभू, आता तू ने,” असं म्हणायचं आणि टेकडीकडे बघायचं. वरून बाबा पांढरं कापड हलवून वाट दाखवायचा.

सगळे तांडेल ही रीत पाळायचे. एक सोडून.

आणि तो होता सगळ्यांत हुशार! वाऱ्याचा वास घेऊन तो हवामान सांगायचा. त्याच्याइतकी मासळी कुणाच्याच जाळ्यात यायची नाही. गावाने त्याला मानाची लाल टोपी दिली होती, जरीकाठाची. ती तो हनुवटीखाली दोरीने घट्ट बांधायचा. उतरवायची तर गोष्टच सोडा!

धाकटा भाऊ त्याच्याच होडीवर होता. तो कधीकधी म्हणायचा, “दादा, एकदा तरी वर बघ ना.”

“वर कशाला बघू? खाडी माझ्या तळहातावर आहे,” तांडेल म्हणायचा. खोटं कशाला बोलायचं, होडी दर वेळी आत यायचीही. त्यामुळे त्याची मान आणखीच ताठ व्हायची.

एकदा मोठं वादळ झालं. ते सरल्यावर तांडेल मासळीने भरलेली होडी घेऊन परतला. नेहमीच्या वाटेने, नेहमीच्या तोऱ्यात. आणि जिथे खोल पाणी असायला हवं होतं, तिथे होडीचा तळ खर्रकन वाळूला घासला.

मागून लाट आली. तिने होडी उचलली, आडवी केली आणि तांडेलाला उचलून पाण्यात फेकलं. तो खाली गेला. नाकातोंडात खारं पाणी, वर कुठे नि खाली कुठे काही कळेना. आयुष्यात पहिल्यांदा त्याला काहीच माहीत नव्हतं. हाताला शिडाची दोरी लागली. भावाने ती जिवाच्या आकांताने ओढली आणि त्याला होडीत घेतलं.

“दादा, पुढची लाट होडी फोडेल! कुठे वळवू?”

तांडेलाने भावाकडे पाहिलं, वल्ह्यांवर बसलेल्या सोबत्यांचे पांढरेफटक चेहरे पाहिले. त्याने हनुवटीखालची दोरी तोडली, लाल टोपी समुद्रात भिरकावली आणि मान वर केली.

“प्रभू, मला कळत नाही. तूच ने!”

टेकडीवर पांढरं कापड हलत होतं. ते उजवीकडे बोलावत होतं, थेट काळ्या खडकांकडे! खडकांकडे जाणं म्हणजे मरण, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. तरी तांडेलाने सुकाणू उजवीकडे वळवलं.

वादळाने खडकांच्या अगदी अंगालगत खोल वाट कोरली होती. त्या वाटेने होडी सुखरूप खाडीत आली.

किनाऱ्यावर पाऊल ठेवताच तांडेल ओल्या अंगाने टेकडी चढला. त्याने बाबाचे पाय धरले. “बाबा, आज मी वर बघितलं आणि नेमके तुम्ही कापड हलवत होता. केवढं माझं नशीब!”

बाबा हसला. “नशीब कसलं रे? तू यायचास तेव्हा दर वेळी मी हलवतच होतो. हात भरून येईपर्यंत. दिसलं मात्र तुला आज.”

तांडेलाला रडू फुटलं. बाबाने त्याचं ओलं डोकं कुरवाळलं. “तान्हा होतास तेव्हा तुझा बाप्तिस्मा झाला. पाणी कपाळाला लागलं, मनापर्यंत आज पोचलं. आता सांग, वय काय तुझं?”

तांडेलाने डोळे पुसले. “आजच जन्मलो, बाबा.”

गावाने त्याला पुन्हा मानाची टोपी देऊ केली, पण त्याने घेतली नाही. तो उघड्या डोक्यानेच समुद्रावर जायचा. नवे तांडेल त्याच्याकडे शिकायला आले की तो सगळ्यात आधी त्यांना मान वर करायला शिकवायचा. अभिमान मात्र त्याने सोडला नाही बरं का! म्हातारपणीही छाती पुढे काढून तो सांगायचा, “सगळ्या किनाऱ्यावर माझ्याएवढा भाग्यवान तांडेल दाखवा. सुकाणू माझ्या हातात आहे, पण वाट माझ्या प्रभूची आहे!” आणि त्याची होडी पुन्हा कधी वाळूला लागली नाही.

तात्पर्य : देव वाट दाखवायचं कधी थांबवत नाही, आपला ताठा उतरवून जो वर बघतो, तोच नव्याने जन्मतो.