अध्यक्षांची पाटी

देवळाचे अध्यक्ष प्रतापराव यांना चकाकीचं भारी वेड. जत्रेला बडे पाहुणे येणार म्हणून त्यांनी देवळाच्या काळ्या दगडी पायऱ्यांचं सँडब्लास्टिंग काढलं. कॉम्प्रेसर धडधडला, नळीतून वाळूचा फवारा सुटला आणि खालची पायरी पांढरीफटक झाली. तिच्यावर कोरलेलं देणगीदाराचं नावही उडालं.

ते पाहून अनसूयाकाकू पदर खोचून दुसऱ्या पायरीवर जाऊन बसल्या. ती पायरी त्यांच्या सासूनं लोकांची दळणं दळून बसवलेली. सासूचा फोटोसुद्धा नव्हता. पायरीवरचं नाव, एवढीच काय ती तिची खूण.

"काकू, उठा!" प्रतापराव खेकसले. "शास्त्रीय पद्धत आहे ही. वाळू फक्त मळ काढते, बाकी कशाला धक्का लागत नाही."

"असं होय?" काकू गुमान उठल्या आणि नळीवाल्याला म्हणाल्या, "मग दादा, आधी ती वरची पाटी घे. कबुतरांनी पार घाण केलीय बघ."

पाटी संगमरवरी. तिच्यावर अध्यक्षांचं नाव सोनेरी अक्षरांत, देवाच्या नावापेक्षाही मोठं! नळीवाल्यानं नळी वळवली मात्र, प्रतापराव धोतर सावरत धावले आणि पाटीला पाठ लावून उभे राहिले.

"अरे थांब! माझं नाव जाईल!"

"जाईल कसं?" काकू म्हणाल्या. "वाळू फक्त मळच काढते ना?"

अख्खी आळी खो खो हसली. नळीवाल्यानं आपणहून कॉम्प्रेसर बंद केला. उरलेल्या पायऱ्या बायकांनी काथ्यानं घासून धुतल्या, आणि सासूबाईंचं नाव ठसठशीत दिसू लागलं.