विदाहासुराचा जठरवास

कृतयुग सरत आले होते. त्या युगाच्या आरंभी मनुष्ये मध, वृक्षरस आणि गाईचे दूध एवढ्यावर जगत; त्यांच्या उदरात अग्निदेव मंदपणे तेवत असे आणि तेवढ्याने भागत असे. पुढे पृथ्वीवर धान्य उगवले. मनुष्यांनी सातू दळला, कुळीथ शिजवला, वरीचा भात रांधला, पोटभर खाल्ला, आणि तो त्यांना पचेना. अन्न उदरात तसेच पडून राही, आंबे, कुजे. पोटे नगाऱ्यासारखी फुगत आणि हातपाय काड्यांसारखे वाळत. भरल्या ताटापुढे बसून माणसे उपाशी मरू लागली.

मंदस्रवा नावाच्या नदीच्या तीरावर, जेथे देवदारांच्या सावलीत हरिणे निर्भयपणे निजत आणि होमधूमाने पर्णकुटींची छपरे काळवंडली होती, तेथे अनुलेपा नावाची वृद्ध ऋषिका राहत असे. रोग्यांची शुश्रूषा हेच तिचे तप. चाळीस वर्षे तिने लोकांची पोटे शेकली, काढे उकळले, आणि न वाचलेल्यांच्या चिता रचल्या. आता तिचीच कन्या मेधिनी अंथरुणाला खिळली होती. तीन महिन्यांत तिने खाल्लेला एकही घास अंगी लागला नव्हता.

एके दिवशी प्रातर्होम आटोपल्यावर अनुलेपा कुंडापुढून उठली नाही. ती म्हणाली, "हे वैश्वानरा, आजवर मी तुझ्याजवळ काही मागितले नाही. आज विचारते आहे. तू प्रत्येकाच्या पोटात आहेस, मग ही माणसे का मरतात?"

तेव्हा कुंडातून अग्निदेव प्रकट झाला. त्याच्या जटांवर राख साचली होती आणि मुखावरचे तेज म्लान झाले होते. तो म्हणाला, "तपस्विनी, यज्ञात मी, अरण्यात मी, चुलीत मी आणि कोटी कोटी उदरांतही मीच. दूध आणि मध मला झेपत होते. हे धान्य एकट्याच्याने होत नाही. पाण्यावाचून चूल पेटवली तर भांडे करपते आणि साधे पाणी ओतले तर मी विझतो. ज्या पाण्यात दाह आहे असे पाणी मला सोबतीला हवे. ते त्रैलोक्यात एकाच्याच देहातून पाझरते. त्याचे नाव विदाह."

विदाहासुराचे नाव ऐकून त्या काळी देवही दारे लावून घेत. दनूच्या वंशात जन्मलेल्या या असुराने सहस्र वर्षे एका पायावर उभे राहून ब्रह्मदेवाला प्रसन्न केले होते आणि 'ज्याला माझा स्पर्श होईल ते विरघळून जावो' असा वर मागितला होता. ब्रह्मदेव म्हणाले होते, "तथास्तु. मात्र दिलेला वर मला परत घेता येत नाही, एवढे ध्यानात ठेव." त्या क्षणापासून असुराच्या रोमरोमांतून अम्लरस पाझरू लागला. रणांगणात त्याच्या घर्मबिंदूंनी देवांची कवचे मेणासारखी वितळली, रथांची चाके झिजली, ऐरावताच्या कुळातल्या हत्तींचे दात खडूसारखे विरले. देवसेना दाही दिशांना पळाली. विजयी विदाह आपल्या नगरीत परतला, तेव्हा वेशीवर त्याची आई अंशुला निरांजन घेऊन उभी होती. त्याने तोंड उघडण्याच्या आतच तिने मायेने त्याच्या गालावर हात ठेवला.

त्यानंतर विदाह नगरीत राहिला नाही. एका निर्जन, खारट दरीत तो दोन्ही हात अंगापासून दूर धरून उभा राहिला. जिथे बसे तिथला खडक खचे, जिथे टेके तिथला वृक्ष विरघळे. म्हणून तो निजतही नसे. कित्येक वर्षे तो निजला नव्हता.

मेधिनीला आश्रमातल्या स्त्रियांच्या स्वाधीन करून अनुलेपा सात दिवस चालत त्या दरीत पोहोचली. तिला पाहताच विदाह मागे सरला.

"जवळ येऊ नकोस. मी कोणाशी युद्ध करीत नाही आता," तो म्हणाला.

"मी युद्धाला आले नाही. मला तुझ्या रसाचा एक थेंब हवा आहे."

"कोणाला मारायचे आहे?"

"कोणाला नाही. मला तो पिऊन पाहायचा आहे."

अनुलेपेने त्याला सगळे सांगितले. कुजणारे अन्न, फुगलेली पोटे, थकलेला अग्नी, आणि मेधिनी. ती म्हणाली, "असुरा, तुझा स्पर्श आजवर बाहेर झाला, म्हणून त्याने नाश केला. तोच उदरात अन्नाला होऊ दे. तिथे जे विरघळेल त्याचे रक्त होईल."

"आणि ज्या उदरात मी राहीन ते विरघळले तर?"

"म्हणूनच आधी माझे उदर."

असुराने बोटाच्या टोकावरून एक थेंब तिच्या पाषाणपात्रात सोडला. पात्राला भोक पडण्याआधीच तिने तो प्राशन केला. ती वेदनेने दुमडून खाली बसली. मग चाळीस वर्षांचे सारे तप एकवटून तिने आपल्या जठराच्या भिंतीवर एक स्निग्ध, चिकट लेप उत्पन्न केला आणि त्यात क्षाराचा अंश मिसळला. रस त्या लेपाला खाऊ लागला. ती लेप पुन्हा घडवू लागली. जेवढा तो झिजे तेवढा ती भरून काढी. तिसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले.

"फार दिलास. यापुढे थोडे कमी," ती म्हणाली.

विदाहाला हसू आले नाही, पण त्याचे हात किंचित खाली आले. त्याने विचारले, "कमी म्हणजे किती, हे मला तिथे अंधारात कसे कळायचे?"

त्या वेळी ब्रह्मदेव तेथे अवतीर्ण झाले. ते म्हणाले, "विदाहा, वर मागे घेता येत नाही, पण त्याला मर्यादा घालता येते. आजपासून प्राणिमात्राचे जठर हे तुझे घर. डोळे, नाक आणि जीभ हे तुझे भालदार. अन्न दिसले, त्याचा वास आला, चव लागली, की ते तुला हाक देतील. तू हलकेच पाझरू लाग. घास आत पडून भिंती ताणल्या, की पाहुणा आला असे समजून पुरता जागा हो. जोवर अन्न आहे तोवर ते तुझा तिखटपणा शोषून घेईल. अन्न सरू लागले की तुझा आंबटपणा तुझ्याच जिभेला लागेल. तोच तुझा निरोप. तेव्हा आवर. पुढच्या द्वारापलीकडे मी क्षारजलाचा झरा वाहता ठेवतो. तुझा जो अंश तिथवर जाईल तो त्यात शांत होईल."

"आणि मग?" असुराने विचारले.

"मग पुढच्या जेवणापर्यंत डुलकी घे."

डुलकी हा शब्द ऐकून त्या महाबलाढ्य असुराचे डोळे भरून आले.

ब्रह्मदेव अनुलेपेकडे वळले. "आणि तू? तुझा लेप प्रत्येक उदरात लागेल. देह राखून ते साधणार नाही. तुला रोज झिजावे लागेल आणि रोज नवे व्हावे लागेल. यातून सुटका नाही, स्तुतीही नाही. तू आहेस हे कोणाला कळणारही नाही."

अनुलेपा म्हणाली, "पितामह, मी दमले आहे. पण चिता रचण्याचे काम माझ्याच्याने यापुढे होणार नाही. त्यापेक्षा हे बरे." मग क्षणभर थांबून ती म्हणाली, "पहिले उदर मेधिनीचे असावे."

"तसेच होईल. मात्र एक सांगून ठेवतो. मनुष्य क्रोधाने धुमसत बसला, चिंतेने जागत राहिला, की भालदार भ्रमाने खोटी हाक देतील. विदाह उठेल, त्याला अन्न सापडणार नाही, आणि त्याचा हात तुझ्यावर पडेल. तेव्हा छातीत आग होईल, तोंडाशी आंबट येईल. त्यात त्याचा दोष नसेल."

"ठाऊक आहे मला. आईने त्याच्या गालाला हात लावला, तेव्हाही त्याचा दोष नव्हता," अनुलेपा म्हणाली.

विदाहाने मान खाली घातली. मग ती वृद्ध तपस्विनी आणि तो महाअसुर दोघेही धुके विरावे तसे दिसेनासे झाले, आणि त्या खारट दरीत केवळ वारा उरला.

मंदस्रवेच्या तीरावर त्या दिवशी मध्यान्ही मेधिनीला जाग आली. पोट हलके झाले होते. आत काहीतरी पोखरल्यासारखे, ओढल्यासारखे होत होते; असे तिला पूर्वी कधी झाले नव्हते आणि त्याला नावही ठाऊक नव्हते. शेजारच्या कुटीत कोणीतरी सातूचे पीठ तुपात भाजत होते. तो खमंग वास आला आणि तिच्या तोंडाला पाणी सुटले.

"आई, मला काहीतरी खायला दे," ती म्हणाली.

मेधिनी भिंतीला धरून उठली, लटपटत चुलीपाशी गेली आणि तिने स्वतःच वरीची पेज शिजवून खाल्ली. ती पचली. पुढे तिला दोन कन्या झाल्या, आणि आईची वाट पाहणे तिने केव्हा सोडले हे आश्रमात कोणाला आठवत नाही.

तेव्हापासून प्राणिमात्राला भूक लागते आणि अन्नाचे रक्त होते. तेव्हापासून जठराची आतली त्वचा दर काही दिवसांनी झिजून नवी होते. म्हणून जाणते लोक जेवताना भांडत नाहीत, रागाच्या भरात ताटावर बसत नाहीत आणि जेवण झाल्यावर घटकाभर स्वस्थ राहतात. कारण त्या वेळी आत एकजण आपले काम संपवून निजण्याच्या बेतात असतो, आणि दुसरी त्याने झिजवलेले पुन्हा लिंपीत असते.