रांजण फुटला तेव्हा

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक वैद्य राहत असे. घराच्या खालच्या खोलीत त्याची औषधांची पोती असत. रानातून आणलेल्या मुळ्या, साली, वाळवलेला पाला. वरची माडी त्याने एका शिंप्याला भाड्याने दिली होती.

एकदा वैद्य परगावी रोगी पाहायला गेला. इकडे माडीवर खाट सरकवताना शिंप्याचा धक्का पाण्याच्या रांजणाला लागला. रांजण फुटला आणि सगळं पाणी फळ्यांच्या फटींतून खाली गेलं. शिंपी धावत उतरला. पोती चिंब झाली होती.

आवाज ऐकून आलेला शेजारी म्हणाला, "घाबरतोस काय? सकाळीच पाऊस पडून गेलाय. छप्पर गळलं म्हणून सांग. छप्पर मालकाचं, नुकसानही मालकाचं."

शिंप्याची बायको गरोदर होती. ती रडवेली झाली. "खरं सांगितलंत आणि त्यांनी बाहेर काढलं, तर या दिवसांत आपण जायचं कुठे?"

शिंप्याने पोत्यातली एक ओली मुळी उचलली. मग म्हणाला, "अगं, छप्पर गळलं म्हटलं तर त्यांना चारच थेंब पडले असं वाटेल, आणि हे औषध उद्या कुणाच्या तरी पोटात जाणार आहे."

त्याने पोती अंगणात ओढली. घरातली धोतरं, लुगडी, गोधड्या अंथरून त्यांवर सगळं वाळत घातलं. चार-पाच दिवसांनी वैद्य परतला तेव्हा शिंपी वेशीवरच उभा होता.

"वैद्यबुवा, माझ्या हातून रांजण फुटला. तुमची औषधं भिजली. ती मी वाळवली आहेत, पण मुळ्या आतून सुकल्या का, ते मला कळत नाही. तुम्हीच बघा."

"वर्षभराची मेहनत होती रे माझी!" वैद्य ओरडतच अंगणात शिरला. त्याने एक मुळी मोडली. वरून खडखडीत, आत बुरशी. दुसरी मोडली, तीही तशीच. त्याचा आवाज खाली आला.

"पाऊस झालाच होता. छप्पर गळलं म्हणाला असतास, तर चार थेंब पडले असतील असं समजून मी नुसती कौलं बदलत बसलो असतो. आणि हीच मुळी एखाद्या लेकराला उगाळून दिली असती."

"नुकसान माझ्यामुळे झालं. रानात येतो, पुन्हा सगळं गोळा करू लागतो," शिंपी म्हणाला.

"ये. पण सगळा भार एकट्याने उचलू नकोस. रांजण तुझ्या हातून फुटला, तर फळ्यांच्या फटी बुजवायच्या माझ्याकडून राहिल्या. आणि घरात सांग, बाळंतपण याच माडीवर होईल."

दोघे मिळून रानात गेले. त्यानंतर वैद्य परगावी निघाला, की औषधांच्या खोलीची किल्ली शिंप्याच्या हाती देऊन जाई.

तात्पर्य: नकळत झालेलं नुकसानही आपलंच असतं. जो ते आपणहून पदरी घेतो, त्याच्यावर लोक डोळे मिटून विश्वास टाकतात.