शंभरावी तार

एका राज्यात शततंत्री नावाचे वाद्य होते. त्याच्या शंभर तारा बोटांनी छेडत नसत, शिसवी टिपऱ्यांनी ठोकत. हंसावली ते वाजवी, तिचा पती मुकुलदत्त तारा जुळवी. वाजवणाऱ्याने खुंटी पिळू नये, परक्याची टिपरी तारेला लागू नये, असा त्या घराचा नेम.

एकदा एक मांत्रिक आपल्या टिपऱ्या घेऊन आला. एक गत वाजवू द्या, म्हणाला. हंसावलीने दार लावले.

मांत्रिक म्हणाला, "तू सोडून सारे नगर पायांपासून वर पाषाण होत जाईल. रोज बोटभर दगड चढेल. तीन परक्या देशांच्या टिपऱ्या या वाद्यावर वाजतील, तेव्हाच शाप उतरेल."

हंसावली निघाली. डोंगरातल्या म्हातारीने अक्रोडाच्या बाकदार टिपऱ्या दिल्या, केसांचा काळा रंग घेतला. नदीकाठच्या नावाड्याने बांबूच्या लवचिक टिपऱ्या दिल्या, झोप घेतली. वाळवंटात कापूस गुंडाळलेल्या टिपऱ्यांवर साळुंकी बसली होती.

"तुझे ऐकणे दे."

"मी वाजवणारी आहे, बाई."

"म्हणून तर मागते. बहिऱ्याचे कान घेऊन मी काय करू?"

हंसावलीने ऐकणे दिले.

ती परतली तेव्हा दगड मुकुलदत्ताच्या ओठांपर्यंत चढला होता. शततंत्रीच्या तारा उतरल्या होत्या. मांत्रिकाने जुळलेले वाद्य मागितलेच नव्हते. पण बेसूर वाद्यावर टिपरी टाकणे त्या घरात कोणाला सुचलेच नसते. तिने नेम मोडून खुंटी पिळली. तार जुळली की मुकुलदत्त डोळे मिटे. पुन्हा उघडले की पुढची तार. असे चार दिवस चालले.

नव्व्याण्णव तारा जुळल्या. शंभरावीला त्याचे डोळे मिटले नाहीत. ते दगडाचे झाले होते.

हंसावलीने खुंटीवरचा हात काढला. मग तिने अक्रोडाच्या टिपऱ्या उचलल्या, मग बांबूच्या, मग कापसाच्या, आणि त्या बेसूर तारेसकट सारे वाजवले. तिला काहीच ऐकू आले नाही.

नगरात लोकांनी गुडघे वाकवले. राजा सिंहासनावरून उठला. मुकुलदत्त म्हणाला, "हंसे, पुरे. मी आलो." ती वाजवतच राहिली. शेवटी त्याने तिचे हात धरले.

तेव्हापासून त्या राज्यात नव्व्याण्णव तारा जुळवतात. शंभरावी दारी येणाऱ्या परक्यासाठी सोडतात. त्याने ती आपल्या सुरात लावावी. हंसावलीने पुढे पुष्कळ वर्षे वाजवले. कसे वाजले, ते मुकुलदत्त तिला डोळे मिटून सांगे.