कासारणीची साक्ष

फार फार जुन्या काळची गोष्ट. एका डोंगराळ मुलखात एक कासारीण राहायची. पाठीवर बांगड्यांचं गाठोडं घेऊन ती गावोगाव हिंडे. तिची स्मरणशक्ती मोठी तल्लख. तिच्या शब्दावर सारा गाव डोळे मिटून विश्वास ठेवी.

एका दुपारी खिंडीत एका चोराने तिला अडवलं. गळ्याला कोयता लावून त्याने तिची सोन्याची माळ ओरबाडली आणि रानात पसार झाला. कासारीण जिवाच्या आकांताने पळत सुटली.

तिसऱ्या दिवशी शिपायांनी आसपासची माणसं चावडीपुढे उभी केली. कासारणीने एका धनगराकडे बोट दाखवलं. "हाच तो! मेले तरी हा चेहरा विसरणार नाही."

"मावशी, मी तर तुला पाणी पाजलं!" धनगर कळवळला.

"साफ खोटं!"

म्हातारे न्यायाधीश म्हणाले, "बाई, चोरीला हात तोडायची शिक्षा आहे. नीट आठव. कोयता कसा होता?"

"टोकाशी खाच. मुठीला तांबडा दोरा."

"चोराच्या डोक्याला काय होतं? पागोटं?"

ती आठवू लागली. कोयता लख्ख दिसत होता. कोयत्यामागे मात्र नुसता धूर.

"मग हा चेहरा कुठे पाहिलास?"

तिने डोळे मिटले. चेहरा आला. पण त्याच्या हातात कोयता नव्हता, पाण्याने भरलेला पोकळ भोपळा होता. पळून पळून ती कोसळली होती आणि हाच माणूस वाकून म्हणत होता, "भिऊ नको, पाणी पी."

आता शब्द फिरवला, तर गावात पत जाणार. गप्प राहिली, तर एका निरपराधाचा हात जाणार. तिने मान वर केली.

"महाराज, मी चुकले. याने मला पाणीच पाजलं. माझ्या भीतीने चोराच्या धडाला याचं तोंड चिकटवलं."

धनगर सुटला. पुढे चारच दिवसांत तो खाचेचा कोयता एका लोहाराकडे धारेला आला, लोहाराने खूण ओळखून चावडीवर कळवलं आणि खरा चोर सापडला.

कासारणीची पत गेली नाही, उलट वाढली. आणि त्या चावडीवर नवा रिवाज पडला: भ्यालेल्या माणसाची साक्ष तो शांत झाल्यावर पुन्हा एकदा घ्यायची.

तात्पर्य: भीती एक गोष्ट मनावर खोल कोरते आणि बाकीच्या पुसून टाकते, म्हणून भेदरलेल्या आठवणीवर कुणाला दोषी ठरवू नये.