आठ ठिपके

निंबखेडी नावाच्या एका गावात गुणवंत ढोबळे नावाचा एक भोळा कारकून होता. गावातल्या वधूवर सूचक मंडळात तो कामाला होता. सांगितलेलं काम तो अगदी सांगितलं तसंच करायचा. मंडळाच्या अध्यक्षा सुलभाताई नेरकर यांनी त्याचा हाच गुण पाहून त्याला ठेवला होता. असे गुण लांबूनच पाहावेत, हे त्यांना पुढे कळलं.

रविवारी मंडळाचा मेळावा होता. एकशे त्रेचाळीस स्थळांची माहिती नव्या कॉम्प्युटरमध्ये होती. सोमवारी गुणवंतानं कॉम्प्युटरला पासवर्ड घातला. ताई म्हणाल्या, "आता हा पासवर्ड कुठेही लिहायचा नाही. डोक्यात ठेवायचा."

गुणवंतानं तो डोक्यात ठेवला.

मंगळवारी त्यानं कॉम्प्युटर लावला. पडद्यावर आलं, 'इथे पासवर्ड लिहा.' गुणवंत हसला. असल्या भुलवणीला तो थोडाच फसणार होता? तो हाताची घडी घालून बसून राहिला. बुधवारी बसला. गुरुवारीही बसला.

गुरुवारी दुपारी ताई आल्या. "यादी काढली का?"

"नाही ताई. तो सारखा पासवर्ड लिहा म्हणतोय. मी नाही लिहिला."

ताईंनी खुर्ची ओढली आणि आधी बसून घेतलं. मग म्हणाल्या, "अहो, तिथं लिहायचाच असतो. लिहा आता."

गुणवंतानं बोटं कीबोर्डवर ठेवली आणि छताकडे पाहिलं. तीन दिवस नुसता सांभाळल्यामुळे पासवर्ड त्याच्या डोक्यातून केव्हाच निघून गेला होता.

"विसरलो," तो म्हणाला. त्याला फार वाईट वाटलं. पण लिहिला नाही, याचं समाधानही वाटलं.

ताईंनी त्याला तालुक्याच्या इरफानभाईंना फोन लावायला सांगितलं. इरफानभाई कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. ते म्हणाले, "भाऊ, काही अडलं की पहिलं काम, बंद करायचं आणि परत चालू करायचं. मग सांगा, समोर काय..."

इथे आवाज जरा अडला. गुणवंतानं फोन बंद केला, परत चालू केला. पुन्हा लावला. पुन्हा आवाज अडला. असं चार वेळा झाल्यावर इरफानभाई स्वतःच मोटारसायकलवर बसले.

शुक्रवारी सकाळी त्यांनी पेन ड्राइव्ह लावला आणि जुना पासवर्ड काढून टाकायचा प्रोग्राम सुरू केला. आकडे पुढे सरकू लागले. इरफानभाई चहाला गेले. आकडा नव्वदवर आला आणि थांबला. काहीतरी अडलं, हे गुणवंतानं लगेच ओळखलं. त्यानं कॉम्प्युटर बंद केला आणि परत चालू केला.

इरफानभाई आले तेव्हा आकडा शून्यावर होता. त्यांनी डोळे मिटले. "भाऊ, चालू असलेल्या कामाला हात लावायचा नाही. संपेपर्यंत नुसतं बघत बसायचं."

"असं आधी सांगायचं ना," गुणवंत म्हणाला.

तेवढ्यात ताईंनी खालून सांगितलं, "गुणवंतराव, गच्चीवरच्या टाकीची मोटर लावलीय, जरा बघा."

गुणवंत गच्चीवर जाऊन बघत बसला. टाकी भरली. पाणी काठावरून वाहू लागलं, गच्चीवरून जिन्यात आलं आणि जिन्यावरून ताईंच्या चपला घेऊन अंगणात गेलं. ताई भिजलेल्या साडीनं वर आल्या.

"मोटर बंद का नाही केली?"

"चालू कामाला हात लावायचा नाही, ताई. मी संपेपर्यंत बघतोय. विहीर अजून संपली नाही."

ताईंनी मोटर बंद केली. मग त्या चपला शोधायला अंगणात गेल्या. रागावल्या नाहीत, म्हणजे ताई आपल्यावर खूश आहेत, असं गुणवंताला वाटलं असावं, कारण तो शीळ घालत खाली आला.

संध्याकाळी कॉम्प्युटर उघडला. एकशे त्रेचाळीस स्थळं जशीच्या तशी होती. नवा पासवर्ड ताईंनी स्वतः घातला; पडद्यावर नुसते आठ ठिपके उमटले. इरफानभाई जाता जाता गुणवंताला जवळ घेऊन अगदी कळकळीनं म्हणाले, "भाऊ, एक ध्यानात ठेवा. नाव, गाव, जन्मतारीख असलं काही ठेवायचं नाही. काय ठेवलंय ते कुणाला ओळखताच येता कामा नये. आणि जुनं काही शिल्लक ठेवू नका. पडद्यावर कसे नुसते ठिपके दिसतात, तसं पाहिजे."

गुणवंताला ते पटलं. शनिवारी ताईंनी कॉम्प्युटर उघडून दिला आणि दिवसभर त्यानं मान वर केली नाही.

रविवारी मंडप भरला. परगावाहून मामा, माम्या, आत्या आल्या होत्या. मोठ्या पडद्यावर यादी उघडली. ताईंनी माईक हातात घेतला.

"स्थळ क्रमांक एक. वराचं नाव..." त्या थांबल्या. "ठिपके. राहणार ठिपके. जन्मतारीख ठिपके."

स्थळ क्रमांक दोनही ठिपकेच निघालं. तिसऱ्या रांगेतल्या एका आत्याबाईंनी शेजारणीला विचारलं, "हे ठिपके कुठले हो? एकाच घरात इतकी मुलं लग्नाची?"

ताईंनी माईक खाली ठेवला. "गुणवंतराव, नावं कुठं आहेत?"

"पुसली, ताई. आता कुणाचा बाप आला तरी ओळखू शकणार नाही."

ताईंनी खुर्चीचा आधार घेतला. मग त्यांच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला. "काही हरकत नाही. कपाटात सगळ्यांचे कागदी अर्ज आहेत. ते आणा."

गुणवंतानं अर्जांचा गठ्ठा आणला आणि अदबीनं पुढे ठेवला.

"यांच्यावर ठिपके हातानं काढावे लागले, ताई. काळ्या शाईनं. एकशे चाळीस झालेत," तो मनगट चोळत म्हणाला. "तिघांचे राहिलेत. तुमचं भाषण होईपर्यंत तेही करून देतो."