उतरणीच्या दहा घटका

एका राज्याच्या चहूकडे समुद्र होता आणि मधोमध आगीचा डोंगर. राज्य एवढंसं, की सकाळी काठाकाठाने चालू लागलेला माणूस संध्याकाळी आपल्याच दारात यायचा. तिथली माणसं जातिवंत दर्यावर्दी. बेत आखावा तर त्यांनीच. नाव केव्हा सुटणार, किती घटकांत कुठे पोचणार, नांगर कुठे पडणार, सारं ताडपत्रावर नीट लिहायचं आणि तळाशी परतीच्या जागी एक लाट काढायची, झालं. परतीचा विचार कुणी करायचा? भरती आणतेच की घरी.

त्या राज्याची राणी हंसावती. तिचा राजा भुवनसेन जवळजवळ बारा वर्षं त्या डोंगराच्या मध्यावर दगड होऊन उभा होता.

ते घडलं असं. डोंगर खवळला, धूर ओकू लागला, तेव्हा राजाने दूरदेशीच्या अग्निजित नावाच्या मांत्रिकाला बोलावून आणलं. त्याने तीन मुठी भस्म टाकून आग निजवली. मग काय बिनसलं कुणास ठाऊक, तीन महिन्यांनी तो तरातरा डोंगराच्या माथ्यावर जाऊन बसला आणि तिथून गरजला, "या बेटाच्या विहिरी खाऱ्या होतील. सूर्य मावळताना जो या डोंगरावर असेल, तो दगड होईल. बारा वर्षांत उतारा सापडला नाही, तर शाप कायमचा." उतारा कोणता, ते काही बोलला नाही.

त्याला वळवायला तीन स्वाऱ्या गेल्या. पहिली सेनापतीची, तलवार घेऊन. दुसरी राजपुरोहिताची, समिधा आणि तूप घेऊन. तिसरी खुद्द राजाची, पेटीभर माणकं घेऊन. तिन्ही स्वाऱ्या आजही डोंगरावर आहेत. त्यांच्या डोक्यांवर पाखरं बसतात. खाली लोक पावसाचं पाणी रांजणांत साठवून दिवस काढत होते.

आता बारा वर्षं पुरी व्हायला आठ दिवस उरले होते. राणीने ते रडण्यात घालवले असते, तर कुणी तिला बोल लावला नसता. पण तिने पदर खोचला आणि स्वतः डोंगर चढायचं ठरवलं. बेत आखायला बसली की तिला बरं वाटे, दुःखातसुद्धा बरं वाटे, आणि त्याची तिला लाज नव्हती.

वाड्याच्या सज्जावर एक म्हातारी साळुंकी राही. रोज डोंगरावरून जायची, माणसासारखी बोलायची, पण एका माणसाच्या तीनच प्रश्नांना उत्तर द्यायची. राणीने वाटीभर भिजले तांदूळ पुढे ठेवले.

"साळुंकीबाई, माथा किती लांब?"

"चढायला बारा घटका, उतरायला दहा. खालच्या रानात सावली आहे. वर नुसती राख. दोन पावलं चढावं, एक घसरावं."

"वाटेत पाणी आहे?"

"नाही. जे प्याल ते पाठीवरून न्याल."

तिसरा प्रश्न राणीने तोलून पाहिला. शाप कसा उतरेल हे विचारावं, असं कुणालाही वाटलं असतं. पण ते साळुंकीला कुठून ठाऊक असणार? जे तिने डोळ्यांनी पाहिलं असेल, तेच विचारावं.

"मांत्रिक वर बसून काय करतो?"

"पश्चिमेकडे तोंड करून बसतो," साळुंकी म्हणाली. "समुद्रातल्या नावा मोजतो." आणि तांदूळ टिपू लागली.

राणीने प्रधान सोमदत्ताला बोलावून जुनी ताडपत्रं मागवली. तिन्ही स्वाऱ्यांची पत्रं तिने ओळीने मांडली. पालखी, चवऱ्या, ताशे, माथ्यावर पोचायला अठरा घटका, तिथे पूजा, मग भोजन, मग विडा. आणि तळाशी प्रत्येक पत्रावर एक सुबक लाट.

"प्रधानजी, दिवस किती घटकांचा?"

"तीस घटकांचा, राणीसरकार."

"मग ही लाट कसली?"

"परतीची. रिवाजच आहे."

"डोंगराला भरती कुठून येते, प्रधानजी?"

 सोमदत्त हुशार माणूस होता, चाळीस वर्षं बेत लिहीत होता, आणि हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. बेटावर दुसऱ्या कुणालाही पडला नव्हता.

पत्रांच्या तळाशी आणखी एक पत्र होतं: अग्निजिताला आणण्याचा बेत. जायला नऊ दिवस, वाऱ्याची दिशा, वाटेतली बेटं, पाहुण्याला लागणारं पथ्यपाणी, सारं लिहिलेलं. तळाशी लाट.

"त्यांना घरी कुणी पोचवलं?" राणीने विचारलं.

प्रधानाची मान खाली गेली. "ते रोज घाटावर येऊन विचारायचे. मी म्हणायचो, नावेत बसा, भरती नेईल. तीनदा बसले. तीनदा भरतीने इथेच आणून सोडलं. आगीवर त्यांची सत्ता होती, राणीसरकार, पाण्यावर नव्हती."

राणीचे डोळे भरून आले, आणि त्या क्षणी ते स्वतःच्या राजासाठी नव्हते.

मग तिने बेत आखला. ताडपत्र उलटं धरून परतीपासून लिहायला घेतला. उतरणीच्या दहा घटका आधी बाजूला काढल्या, त्यांना कुणी हात लावायचा नाही. चढणीच्या बारा. थांबे मिळून तीन. हाताशी पाच. पंधराव्या घटकेला जिथे असू तिथून मागे फिरायचं, माथा हाकेवर असला तरी. पालखी नाही, ताशे नाहीत. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, गूळखोबरं, पाण्याच्या दोन पखाली, वेताच्या दोन काठ्या, आणि धुरासाठी नाकाला बांधायला ओलं फडकं.

"काठ्या दोन कशाला?" प्रधानाने विचारलं.

"तुम्ही पश्चिमेच्या घाटावर नाव सज्ज ठेवा," राणी म्हणाली. "आठ नावाडी, नऊ दिवसांचा शिधा. आणि नावाड्यांच्या परतीचाही."

आठव्या दिवशी सूर्याची कोर दिसताच तिने डोंगरावर पाऊल ठेवलं. साळुंकी खांद्यावर बसून आली. प्रश्न संपले होते, पण सोबतीला बंदी नव्हती. रान सावलीचं होतं, करवंदं पिकली होती, राणीला मजा वाटू लागली. राखेवर मात्र नाकी नऊ आले. मध्यावर राजा दिसला. राणीने वर बघितलं, सूर्य बघितला, आणि चालत राहिली. चौदाव्या घटकेला ती माथ्यावर होती.

अग्निजित पाठमोरा बसला होता.

"तलवार आणलीस?"

"नाही."

"माणकं?"

"नाही."

"मग काय आणलंस?"

"पश्चिमेच्या घाटावर नाव उभी आहे, पाहुणे. दिवस मावळता मतलई वारा सुटेल, तो जमिनीकडून समुद्रात नेतो. आम्ही तुम्हाला आणण्याचा बेत केला, पोचवण्याचा केला नाही. चूक आमची."

मांत्रिक वळला. त्याची दाढी राखेने भरली होती. तो म्हणाला, "बारा वर्षांत हे कुणी म्हटलं नाही."

"बसायला वेळ नाही," राणी म्हणाली. "ही काठी घ्या. शाप कसा उतरेल?"

"या बेटावरून माझा पाय उचलला, की उतरेल. मंत्र लागत नाही."

बारा वर्षं बसून त्याचे गुडघे धरले होते. एक हात काठीवर, एक राणीच्या खांद्यावर, असा तो उतरू लागला. हाताशी ठेवलेल्या पाच घटकांतल्या चार राखेतच गेल्या. ऊन तिरपं झालं. आणि मध्यावर राजा आला.

त्याची मान घराच्या बाजूला वळलेली होती. पापणीवर राख होती. राणीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दगड दिवसभराच्या उन्हाने कोमट झाला होता, अंगासारखा. तिचे पाय हलेनात.

"थांब हवं तर," मांत्रिक हळूच म्हणाला.

तिला थांबायचं होतं. आयुष्यात दुसरं काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं. पण तिच्या खांद्यावाचून म्हातारा उतरला नसता, आणि या थांब्यासाठी तिने ताडपत्रावर मुद्दामच एकही घटका लिहिली नव्हती, कारण लिहिली असती तर ती तिथून उठली नसती. तिने हात काढून घेतला आणि मागे न बघता उतरू लागली.

सूर्य पाण्याला टेकत होता तेव्हा अग्निजित घाटाच्या शेवटच्या पायरीवर पोचला. सोमदत्ताने वाकून त्याला हात दिला आणि क्षमा मागितली. मांत्रिक म्हणाला, "वारा चांगला आहे." त्याने बेटावरून पाय उचलला.

गावातल्या विहिरी गोड झाल्या. डोंगरावर माणसं खोकू लागली, अंगावरची राख झटकू लागली. सेनापतीने तलवार टेकत, पुरोहिताने तुपाचं भांडं सांभाळत उतरायला सुरुवात केली. राणी पायथ्याशी शेवटची भाकरी घेऊन बसली होती. सगळ्यांच्या मागून राजा आला.

भाकरी त्याने उभ्यानेच संपवली आणि मग तिच्याजवळ बसला.

"खांद्यावर तुझा हात आला, तो मला कळला," तो म्हणाला. "मग तू निघून गेलीस."

"गेले."

"मला वाटलं, आता ही परत यायची नाही."

"मी कशाला परत येऊ?" राणी म्हणाली. "तुम्ही यायचं होतं."

 राजाने तिच्या पायांतल्या राखेने भरलेल्या वहाणा आपल्या हाताने सोडल्या, आणि दोघं अनवाणी घरी गेली.